घातांकातला उणे कुठे जातो?

फळ्यावर २⁻³ असे लिहावे आणि सातवी-आठवीच्या वर्गाला विचारावे, "याची किंमत किती?" बहुधा तीन प्रकारची उत्तरे येतात. काही मुले म्हणतात उणे सहा. काही म्हणतात उणे आठ. ज्यांनी नियम पाठ केलेला असतो ती म्हणतात एक छेद आठ.

उणे सहा म्हणणाऱ्या मुलाने पाया आणि घातांक यांचा सरळ गुणाकार केला आहे. घातांक म्हणजे काय हेच त्याला अजून उमगलेले नाही, तेव्हा त्याला मागे नेऊन २³ म्हणजे २ × २ × २ येथून सुरुवात करावी लागेल. उणे आठ म्हणणाऱ्याचे तसे नाही. त्याला २³ म्हणजे ८ हे नीट ठाऊक आहे. त्याचा प्रश्न एवढाच, की वर जे उणे चिन्ह दिसते आहे ते उत्तरात कुठेतरी यायला नको का? ते हवेत विरून कसे जाईल? आमच्या मते हे मूल विचार करणारे आहे, आणि म्हणून त्याला मिळणारे उत्तरही विचार करायला लावणारे हवे.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षक-शिबिरात आम्ही हाच प्रश्न विचारला होता. एक छेद आठ हे उत्तर सगळ्यांनीच दिले. मग आम्ही विचारले, "एखाद्या मुलाने विचारले, 'सर, उणे कुठे गेला?' तर त्याला काय सांगाल?" थोडा वेळ कुणीच बोलले नाही. मग एक बाई म्हणाल्या, "नियमच तसा आहे, असे सांगते. पण सांगताना माझे मलाच बरे वाटत नाही." त्या बाईंना जे बरे वाटत नव्हते, त्याचाच विचार या लेखात करू या.

'ऋण' या शब्दाने होणारा घोळ

या घोटाळ्यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. धन आणि ऋण हे शब्द गणितात फार जुने आहेत. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये लिहिलेल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम दिले आहेत. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. ५ म्हणजे गाठीला पाच रुपये, −५ म्हणजे पाच रुपयांचे देणे. संख्येसाठी ही कल्पना इतकी सोयीची आहे की आपणही वर्गात ऋण संख्या शिकवताना उधारीचेच उदाहरण घेतो.

पण तोच शब्द आपण घातांकालाही लावतो. 'ऋण घातांक' म्हटले की मुलाच्या मनात पुन्हा तेच कर्ज उभे राहते आणि उत्तरही कर्जाचेच असणार असे त्याला वाटते. येथे एक फरक स्पष्ट करून सांगायला हवा. साध्या संख्येतला ३ हा वस्तू मोजतो: तीन आंबे, तीन रुपये. घातांकाच्या जागी बसलेला ३ वस्तू मोजत नाही, तो कृती मोजतो. १ पासून निघा आणि तीन वेळा दोनाने गुणा, हा २³ चा अर्थ. गुणण्याची ही कृती तीन वेळा करायची. मग घातांक उणे तीन असेल, तर ती कृती 'उणे तीन वेळा' करायची म्हणजे काय करायचे? ती तीन वेळा उलट करायची. दोनाने गुणण्याच्या उलट दोनाने भागणे. म्हणून २⁻³ म्हणजे १ पासून निघा आणि तीन वेळा दोनाने भागा: अर्धा, पाव, एक छेद आठ.

या सगळ्यात कर्ज कुठेच आले नाही. घातांकातला उणे आपल्याला दिशा सांगतो. गुणत पुढे जायचे की भागत मागे यायचे, एवढेच त्याचे काम.

ए-४ कागदाचे उदाहरण

हे मुलांना हाताने करून पाहता येते. झेरॉक्सच्या दुकानात जो ए-४ कागद मिळतो, तो एका मालिकेतला पाचवा कागद आहे. मालिकेची सुरुवात ए-० पासून होते. ए-० चे क्षेत्रफळ जवळजवळ बरोबर १ चौरस मीटर ठेवलेले असते. तो मधोमध कापला की ए-१, तो कापला की ए-२, असे करत चौथ्या कापणीला ए-४ मिळतो. ही मापे १९२२ साली जर्मनीत प्रमाणित झाली आणि पुढे जवळजवळ जगभर गेली. त्या जर्मन प्रमाणात ए-० च्या दुप्पट आणि चौपट आकाराच्या कागदांनाही स्थान होते. आता क्षेत्रफळे ओळीने लिहू:

ए-० ची चौपट: ४ चौ. मी. = २²
ए-० ची दुप्पट: २ चौ. मी. = २¹
ए-०: १ चौ. मी. = २⁰
ए-१: १/२ चौ. मी. = २⁻¹
ए-२: १/४ चौ. मी. = २⁻²
ए-३: १/८ चौ. मी. = २⁻³
ए-४: १/१६ चौ. मी. = २⁻⁴

वरून खाली वाचत गेले की घातांक प्रत्येक पायरीला १ ने कमी होतो आणि क्षेत्रफळ प्रत्येक पायरीला निम्मे होते. घातांक २, १, ० असा उतरत शून्याच्या खाली गेला, तरी क्षेत्रफळाने काही शून्य ओलांडले नाही. कागद निम्मा करत राहिले तर तो लहान लहान होत जातो, पण 'उणे कागद' कधी हाती येत नाही. आपल्या टेबलावरच्या ए-४ कागदाचे क्षेत्रफळ २⁻⁴ चौरस मीटर आहे. उणे चिन्ह घातांकात आहे आणि कागद तर समोर धडधडीत पडला आहे!

याची खात्री वर्गात करता येते. ए-४ ची मापे २१० × २९७ मिलिमीटर. गुणाकार केला तर ०.०६२३७ चौ. मी. येते, आणि १/१६ म्हणजे ०.०६२५. दुसरी खात्री वजनाने. कागदाच्या गठ्ठ्यावर '८० जीएसएम' लिहिलेले असते, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन ८० ग्रॅम. मग एका ए-४ चे वजन ८० × २⁻⁴ = ५ ग्रॅम, आणि ५०० कागदांच्या गठ्ठ्याचे अडीच किलो. शाळेच्या कार्यालयातला गठ्ठा काट्यावर ठेवून पाहावा. आणि सोळा कागद चार बाय चार असे जमिनीवर मांडले की ए-० तयार होतो. २⁻⁴ × २⁴ = १ हे समीकरण मुलांना जमिनीवर पसरलेले दिसते.

नियम टिकवायचा म्हणून

कागदाच्या उदाहरणाने मुलांची समजूत पटते, पण गणितात एवढ्यावर थांबून चालणार नाही. उलट कृती म्हणजे भागाकार हे आपण ठरवले, की ते तसेच असावे लागते?

घातांकांचा पहिला नियम मुलांना ठाऊक असतो: पाया सारखा असेल तर गुणाकार करताना घातांकांची बेरीज करायची. २³ × २² = २⁵, कारण आधी तीन वेळा आणि मग दोन वेळा गुणले, एकूण पाच वेळा. हा नियम शून्य आणि ऋण घातांकांनाही लागू राहावा, एवढीच अट आपण घालू या. मग २³ × २⁰ चे उत्तर २³ च यायला हवे. ८ ला ज्याने गुणले असता ८ च राहतात अशी एकच संख्या आहे, १. म्हणून २⁰ = १. आता २³ × २⁻³ पाहा. घातांकांची बेरीज शून्य, म्हणून उत्तर २⁰, म्हणजे १. आठाला ज्या संख्येने गुणले की १ येतो ती संख्या १/८. दुसरे कोणतेही उत्तर येथे बसत नाही.

उणे आठ म्हणणाऱ्या मुलाला हेच करून पाहायला सांगावे. त्याचे उत्तर खरे मानले तर २³ × २⁻³ = ८ × (−८) = −६४ येईल. पण नियमाप्रमाणे १ यायला हवा. आपले उत्तर नियमाशी भांडते आहे, हे त्याचे त्याला कळते. "चूक" असा शेरा मारण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

याच समीकरणात चिन्हाचा सगळा खुलासा दडलेला आहे. पाया कोणताही घ्या, फक्त शून्य नको. त्याचा एक घात आणि तोच घात उणे करून आलेली संख्या यांचा गुणाकार नेहमी १ येतो. १ ही धन संख्या आहे. दोन संख्यांचा गुणाकार धन केव्हा येतो? दोन्ही धन असतील तेव्हा, किंवा दोन्ही ऋण असतील तेव्हा. एक धन आणि एक ऋण असेल तर गुणाकार ऋण येतो. हे ब्रह्मगुप्ताच्या त्या नियमांतच आहे. म्हणजे त्या दोन संख्यांचे चिन्ह एकच असले पाहिजे. २³ धन आहे, म्हणून २⁻³ ही धनच. घातांकाचे चिन्ह बदलल्याने उत्तराचे चिन्ह कधीही बदलत नाही. मुलांनी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी.

शून्य पाया का नको, हेही येथेच कळते. ०⁻² म्हणजे १ ला दोन वेळा शून्याने भागणे, आणि शून्याने भागता येत नाही. म्हणून शून्याच्या ऋण घाताला अर्थ नाही.

मोठमोठ्यांनाही वेळ लागला

मुलांना हे समजायला वेळ लागतो यात नवल नाही. मायकेल श्टीफेल या जर्मन गणितज्ञाने १५४४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दोन ओळी मांडल्या. वरच्या ओळीत −३, −२, −१, ०, १, २, ३ असे आकडे आणि त्यांच्याखाली १/८, १/४, १/२, १, २, ४, ८. आपल्या कागदांची यादीच जणू! गंमत अशी की हाच श्टीफेल ऋण संख्यांना 'असंबद्ध संख्या' म्हणत असे. तरीही त्याने त्या वरच्या ओळीत मांडल्या, कारण खालच्या ओळीशी त्यांचा मेळ बसत होता. निकोला श्युके या फ्रेंच गणितज्ञाने १४८४ मध्येच शून्य आणि ऋण घातांक वापरले होते, पण त्याचे हस्तलिखित छापले गेले ते १८८० साली. १६५६ मध्ये इंग्लंडच्या जॉन वॉलिसने या कल्पनेचा पाठपुरावा केला आणि १६७६ च्या एका पत्रात न्यूटनने ऋण घातांक आज आपण लिहितो तसे लिहिले. श्टीफेलच्या तक्त्यापासून तेथवर सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. आपण ते दोन तासिकांत उरकू पाहतो.

पाया ऋण असेल तर?

येथवर पाया २ होता. आता पाया −२ घेऊ. १ पासून निघून एकेकदा −२ ने गुणत पुढे गेले तर −२, ४, −८, १६ येतात. १ पासून −२ ने भागत मागे आले तर −१/२, १/४, −१/८, १/१६ येतात. श्टीफेलसारख्या दोन ओळी मांडू:

घातांक: −४, −३, −२, −१, ०, १, २, ३, ४
किंमत: १/१६, −१/८, १/४, −१/२, १, −२, ४, −८, १६

शून्याच्या दोन्ही बाजूंना चिन्हे सारख्याच क्रमाने आलटून-पालटून येतात. मधल्या १ वर घडी घातली तर धनावर धन आणि ऋणावर ऋण येईल. घातांक सम असेल तेथे किंमत धन, विषम असेल तेथे ऋण. येथे एक छोटी अडचण येते. सम-विषम हे शब्द मुलांनी १, २, ३ अशा मोजसंख्यांपुरतेच वापरलेले असतात. "उणे तीन सम की विषम?" असे विचारले की ती गोंधळतात. दोनाने निःशेष भाग गेला तर सम, ही व्याख्या पुन्हा सांगावी. −४ आणि ० सम आहेत, −३ विषम आहे.

मग मुलांना दोन प्रश्न क्रमाने विचारायची सवय लावावी.

पहिला प्रश्न चिन्हाचा. पाया धन असेल तर उत्तर धन, पुढे काही पाहू नका. पाया ऋण असेल तर घातांक सम की विषम एवढेच पाहा. या प्रश्नाच्या वेळी घातांकाच्या डोक्यावरचा उणे बोटाने झाकून ठेवला तरी चालेल.

दुसरा प्रश्न आकाराचा. आता बोट काढा. घातांकात उणे असेल तर व्यस्त घ्या, म्हणजे अंश आणि छेद यांची अदलाबदल करा.

(−५)⁻³ घ्या. पाया ऋण, घातांक विषम, म्हणून उत्तर ऋण. आकार १२५, त्याचा व्यस्त १/१२५. उत्तर −१/१२५. हा उणे पायाकडून आला, घातांकाकडून नाही. आता (−१/२)⁻³ पाहा. चिन्ह ऋण, आणि १/८ चा व्यस्त ८. उत्तर −८. पाया अपूर्णांक असल्याने येथे व्यस्त घेतल्यावर आकार वाढला. 'ऋण घातांक म्हणजे उत्तर लहान' असा आणखी एक चुकीचा समज मुलांमध्ये असतो, तो अशा उदाहरणाने दूर होतो.

ही सम-विषमाची युक्ती पूर्णांक घातांकांपुरतीच आहे, हे मात्र सांगून ठेवावे. घातांक १/२ झाला आणि पाया ऋण असला, तर ऋण संख्येचे वर्गमूळ घेण्याचा प्रश्न येतो आणि तो वेगळा विषय आहे.

कंस नसेल तर

(−२)⁻² आणि −२⁻² यांत फरक आहे. पहिल्यात कंस आहे, म्हणून पाया −२. उत्तर १/४. दुसऱ्यात घातांक फक्त २ ला चिकटलेला आहे. आधी २⁻² = १/४ काढायचे आणि मग पुढचा उणे लावायचा. उत्तर −१/४. घात आधी, उणे नंतर, हा गणितातला संकेत आहे.

संगणकावर काम करणाऱ्यांनी येथे जास्तच सावध राहावे. एक्सेलमध्ये बरोबरचे चिन्ह देऊन पुढे उणे दोनचा वर्ग कंसाशिवाय लिहिला तर उत्तर ४ येते. पायथन या संगणकभाषेत तीच गोष्ट लिहिली तर उत्तर −४ येते. यंत्र बिघडलेले नाही, दोघांनी संकेत वेगळे ठरवले आहेत. आपण कंस घातला की वादच उरत नाही.

प्रयोगशाळेतली एक गोष्ट

हे सारे इतके घोळून सांगायचे कारण आमच्या कामात आहे. द्रावणात हायड्रोजन आयन किती आहेत हे आम्ही रोज घातांकांत लिहितो. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यात त्यांचे प्रमाण लिटरला १०⁻⁷ मोल असते, म्हणून पाण्याचा सामू ७. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास, म्हणजे प्रमाण साधारण १०⁻² मोल. घातांकातला उणे रोज लिहिण्याचा त्रास नको म्हणून डेन्मार्कच्या सोरेन्सनने १९०९ मध्ये ही सामूची पट्टी सुचवली. तिच्यात घातांकाचे चिन्ह बदलून तेवढाच आकडा सांगतात. अणूचा आकार १०⁻¹⁰ मीटरच्या घरात असतो. किरणोत्सारी कार्बन-१४ ला निम्मे व्हायला सुमारे ५७३० वर्षे लागतात, म्हणून असे तीन कालखंड गेले की मूळचा २⁻³ भाग उरतो. या प्रत्येक ठिकाणी घातांक ऋण आहे आणि मोजलेली वस्तू खरीखुरी, शून्याहून मोठी आहे.

आमच्याकडे नव्याने आलेल्या एका विद्यार्थ्याच्या नोंदवहीत एकदा द्रावणातल्या आम्लाचे प्रमाण लिटरला उणे हजार मोल असे लिहिलेले सापडले. १०⁻³ च्या जागी त्याने −१०³ धरले होते. चूक कुणाच्याही हातून होते. पण "लिटरमध्ये उणे हजार मोल म्हणजे काय असेल?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "कॅल्क्युलेटरने तसे दिले." तो हुशार होता, पदवी परीक्षेत वरच्या वर्गात उत्तीर्ण झालेला. कधीतरी शाळेत त्यानेही "उणे कुठे गेला?" असे विचारले असेल आणि "नियम आहे" असे उत्तर मिळाले असेल, असे आम्हाला तेव्हा वाटून गेले. उत्तराला अर्थ असतो आणि तो आपण तपासायचा असतो, ही सवय त्याला लागलीच नव्हती. ती सवय अशा लहान प्रश्नांपासून लागते.

तेव्हा त्या बाईंना आता असे सांगता येईल: मुला, उणे कुठे गेला नाही. त्याने आपल्याला गुणायच्या ऐवजी भागायला सांगितले. ते आपण केले, त्याचे काम झाले.

वर्गासाठी काही प्रश्न

किंमत काढण्याआधी प्रत्येकाचे फक्त चिन्ह सांगायला लावावे.

१. (−३)⁻², −३⁻², (−३)⁻³
२. (−१)⁻⁹⁹ आणि (−१)⁻¹⁰⁰
३. (−२/३)⁻²
४. (−७)⁻⁵⁰ × (−७)⁵¹
५. एका संख्येचा −५ वा घात ऋण आहे. ती संख्या धन की ऋण? तिचा −६ वा घात कोणत्या चिन्हाचा?

उत्तरे: १. १/९, −१/९, −१/२७. २. −१, १. ३. ९/४. ४. −७. ५. संख्या ऋण, −६ वा घात धन.